पाच जणी

"सहाच?" आक्कानं जीपच्या मागच्या दारातून आत डोकं घातलं आणि आम्हाला पुन्हा एकदा मोजलं.

"सहाच. सारखं मोजून वाढणार हाईत काय?" तबस्सुम म्हणाली. ती आमची कप्तान. गुडघ्याला पट्टी गुंडाळत ती टपावरच्या पिशव्यांकडं बघत होती. अजून नीट उजाडलंही नव्हतं. आमच्या बोरजाई गावच्या चौकात फक्त चहाची टपरी उघडली होती आणि जीपवाला मधूनमधून उगाच हॉर्न वाजवत होता.

सांगलीला मुलींच्या कबड्डीची साखळी स्पर्धा होती, एक सामना हरला तरी दुसरा मिळायचा. आमच्या उगवती क्रीडा मंडळानं संघात बारा नावं दिली होती. मैदानात सात उतरतात, बाकीच्या पाच जणी बाहेर बसतात. त्या बारांतली शेवटची मी. मला कबड्डीची काडीची हौस नव्हती. माझं नाव घातलं होतं ते आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या अटीमुळं. आक्का एकोणीस वर्षांची, तालुक्यात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी मुलगी नव्हती. पण "थोरलीला एकटीला धाडणार नाही, धाकटीला सोबत न्या," असं अण्णांनी आमच्या प्रशिक्षक मंगलताईंना सांगितलं होतं. सोबतीला येणारीला जीपमध्ये जागा मिळायची तर तिचं नाव संघात हवं, म्हणून नववीतली मी खेळाडू झाले.

मंगलताई अंगणवाडीत शिकवायच्या. तरुणपणी त्या स्वतः जिल्ह्याकडून खेळलेल्या. प्रत्येक स्पर्धेआधी त्या घरोघरी जायच्या, बापांना आणि भावांना तेच वाक्य सांगायच्या, "पोरगी माझ्या नजरेसमोर राहील." त्या एका वाक्यावर आमचा संघ उभा होता. तरी त्या दिवशी एकीच्या मावसबहिणीची हळद निघाली, एकीला ताप भरला, दोघींची शिकवणी होती, रेखाच्या घरून नकार आला, आणि आणखी एक का आली नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

"ताई, धा मिनटं थांबवा गाडी," आक्का म्हणाली. "रेखाला घेऊन येते."

"अगं, तिच्या भावानं काल तोंडावर दार लावलंय माझ्या."

"माझ्या नाही लावणार," असं म्हणून आक्का पळतच सुटली. तिच्यामागं मी. सोबत म्हणून जायची मला सवयच लागली होती.

रेखाचा भाऊ दारातच दात घासत उभा होता. आक्कानं त्याला दादा म्हटलं, हात जोडले. मी बघतच राहिले. आक्का कुणापुढं हात जोडणाऱ्यांतली नव्हती. गल्लीतल्या पोरांनी शिट्टी मारली तर उलट जाऊन कॉलर धरणारी ती.

तो गुळणी टाकून म्हणाला, "माझी ना नाही. तिलाच इचारा."

रेखा चौकटीला टेकून उभी होती. "मी येऊन काय करू गं? मागच्या तीन स्पर्धांत तुम्हाला पाणी दिलं आणि टॉवेल सांभाळले. तेवढ्यासाठी सांगलीपर्यंत येऊ?"

"आज खेळशील. माझा शब्द."

"कुणाच्या जागी?"

आक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं. रेखा आत निघून गेली. आत स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला.

जीपमध्ये आक्का नीट टेकून बसेना. दर थोड्या वेळानं जीपवाल्याला विचारायची, किती वाजले, सांगली किती राहिली. तासगावात तो चहाला उतरला तेव्हा ती त्याच्यावर खेकसलीच. मंगलताई म्हणाल्या, "अगं, सामना दहाचा आहे. वेळ आहे की." आक्कानं पुन्हा जीपवाल्याला वेळ विचारली.

मला वाटलं, ही साखरपुड्याची धास्ती. पुढच्याच आठवड्यात तिचा साखरपुडा होता. आमच्या भागातली अर्धी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनंचांदी गाळायला देशभर गेलेली. अण्णांनी स्वतः सेलमला सतरा वर्षं भट्टीपुढं काढली होती आणि ॲसिडच्या धुरानं खोकला घेऊन परत आले होते. आक्काला सांगून आलेला मुलगाही गलाईवालाच, गुंटूरला स्वतःचं दुकान. मुलगा निर्व्यसनी होता, माणसं चांगली होती. नाही म्हणायला आक्काकडं काही कारण नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तसं गेला महिनाभर ती विचित्रच वागत होती. संध्याकाळी मला परसात ओढून न्यायची, राखेनं रेघ मारायची आणि म्हणायची, "हा डावा कोपरा. मी चढाई करते. घोटा धर माझा."

"पण मला खेळायचंच नाहीय."

"नको खेळू. घोटा धर."

मी धरायची, ती झटकून जायची. माझी कोपरं सोलली, हनुवटीला टाका पडला. आईनं आरडाओरडा केला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "पायाकडं बघ, तोंडाकडं बघू नको. ती हसेल, टाळी वाजवेल, तू पायाकडं बघ." मला वाटायचं, सासरी जायच्या आधी ही माझ्यावर सूड उगवतेय.

सांगलीत पोचलो तेव्हा शाळेच्या मैदानावर पाणी मारून झालं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता, कर्ण्यावर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मंगलताई हजेरी द्यायला टेबलाकडं गेल्या. आक्कानं मला मांडवाच्या कडेला घेतलं आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"हर्षे, ऐक. डावा कोपरा सोडायचा नाही. कुणी काय बी बोलू दे."

"मी कशाला खेळतेय? तुम्ही पाच जणी आहात की, नियमात बसतंय."

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. तू कुठं चाललीस?"

"बाथरूमला. येते," ती म्हणाली. "लवकर ये," मी म्हणाले. तिनं खांद्याला पिशवी अडकवली आणि गर्दीतून भराभर निघून गेली. बाथरूमला पिशवी कशाला, हा प्रश्न मला ती दिसेनाशी झाल्यावर पडला.

आधीचा सामना संपत आला. तबस्सुमनं अंग गरम करायला सगळ्यांना पळायला लावलं. सुवर्णा, दीपा, छाया पळत होत्या, आणि तबस्सुम एक नजर रस्त्यावर ठेवून होती.

"तुझी आक्का कुठं हाय?"

"बाथरूमला गेलीय."

"कवाची?"

मी पळत शाळेच्या मागं गेले. दोन्ही दारं ढकलून बघितली. एकात नळ गळत होता, दुसऱ्यात कुणीच नव्हतं. पाण्याच्या टाकीमागं बघितलं, उसाच्या रसाच्या गाड्यावर बघितलं, मांडवात बायका बसल्या होत्या तिथं एकेकीचं तोंड बघत गेले. साखरपुडा आठ दिवसांवर आलेला, पोरगी पिशवी घेऊन गेलेली. आमच्या गावात याचा एकच अर्थ व्हायचा. आणि मी, जिला त्यासाठीच धाडलं होतं, मी तिला "लवकर ये" म्हणून सोडून बसले होते.

कर्ण्यावर आमच्या मंडळाचं नाव पुकारलं. एकदा, दुसऱ्यांदा.

पंच मंगलताईंना म्हणाले, "बाई, निदान पाच पायजेत. पाच नसतील तर समोरच्यांना पुढं चाल देतो."

मंगलताईंनी आमच्याकडं बघितलं. तबस्सुम, सुवर्णा, दीपा, छाया. आणि मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी पिशवीतून बारा नंबरची बनियन काढून माझ्याकडं टाकली. तिची घडीसुद्धा कधी मोडली नव्हती.

"ताई, आक्का..."

"आधी हे. मग ते."

पाच जणींनी खेळताना मैदान केवढं मोठं होतं ते बाहेर बसून कळत नाही. दोन बाजूंना नुसती मोकळी माती. समोर मिरजेचा संघ, सातच्या सात, आणि बाहेर बाकावर आणखी पाच जणी ताज्यातवान्या. आमच्या पाचही जणी बाद झाल्या की लोण चढायचा, आणि त्या वेळी सातांत कमी असलेल्या दोघींनाही बाद धरून त्यांचेही गुण समोरच्यांना द्यायचे, असा नियम. पहिला लोण चढला तेव्हा तबस्सुम मातीत थुंकून म्हणाली, "घरी झोपलेल्या बी आऊट झाल्या बघा."

मी डाव्या कोपऱ्यात उभी होते, पण माझे डोळे फाटकावर होते. तीनदा मैदानात आले आणि तिन्ही वेळा पहिल्याच चढाईत बाद झाले. एकदा तर मला हात लागलेलाही कळला नाही. पंचांनी खूण केली तेव्हा मी विचारलं, "मी?" मांडवात हशा पिकला.

मध्यंतरात मंगलताईंनी फोन हातात घेतला. "तुझ्या अण्णांना कळवायला पायजे."

"ताई, थोडं थांबा."

"कुणासाठी थांबू? मी शब्द दिलाय त्यांना. पोरगी माझ्या डोळ्यांपुढून गेली."

"ती येते म्हणालीय."

"कुठनं येणाराय?"

मला ते माहीत नव्हतं. मी फक्त म्हणाले, "दुसऱ्या सामन्यापर्यंत थांबा. मग मीच बोलते अण्णांशी." माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. अण्णांशी मी कधी जेवायला या यापलीकडं बोलले नव्हते. मंगलताईंनी फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या डावात मिरजेची एक उंच मुलगी चढाईला आली. मी बाद होणार हे तिनं धरूनच चाललं होतं. ती हसली, माझ्याकडं बघून टाळी वाजवली. मी तिच्या पायाकडं बघत होते. पाय पुढं आला, आणि माझे हात आपोआप गेले. दोन्ही हातांनी घोटा. तिनं झटका दिला, माझं तोंड मातीत घासलं, पण परसातला झटका याच्यापेक्षा जोरदार असायचा. मी सोडलं नाही. वरून तबस्सुम आणि छाया पडल्या. पंचांची शिट्टी वाजली.

आम्ही तो सामना हरलो, चांगल्याच फरकानं. पण त्यानंतर माझे डोळे फाटकाकडं गेले नाहीत.

दुसरा सामना दुपारी होता. त्याच्या थोडं आधी आक्का आली. रिक्षातून उतरली आणि लंगडत, जवळजवळ पळत मांडवाकडं आली. केस कपाळाला चिकटलेले. तबस्सुमनं तिच्या पायाकडं बघितलं. मातीच्या मैदानावर आम्ही सगळ्या अनवाणी खेळायचो. आक्काच्या पायात बूट होते, आणि पाठीवर टाचण्यांनी लावलेला नंबराचा कागद तसाच राहिला होता.

"भरतीला गेलतीस?" तबस्सुमनं विचारलं.

"पोलीस भरती, इथंच सांगलीत," आक्का म्हणाली. "आजचीच तारीख आली. सकाळी लवकर घेतील, दहाच्या आत येईन असं वाटलं होतं. गोळाफेकीला रांग लागली."

मंगलताई उठल्या. मला वाटलं, आता मारतात. पण त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मला सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं असतं तर अण्णांना सांगावं लागलं असतं तुम्हाला. तुम्ही त्यांना नसतं सांगितलं तर तुमचा शब्द खोटा झाला असता. आता तुम्हाला ठाऊकच नव्हतं."

"आणि ही?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हिला ठाऊक असतं तर काल रात्रीच अण्णांना कळलं असतं. हिच्या तोंडावर लिहिलेलं असतं सगळं."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसायला लागली. परसातली राखेची रेघ, रेखाच्या दारातले जोडलेले हात, कुणाच्या जागी म्हटल्यावर मिटलेलं तोंड. ती महिनाभर स्वतःची जागा भरत होती. सकाळी जीपमध्ये तिनं आम्हाला सारखं मोजलं, ते मनात स्वतःला वगळून.

"आठ तरी येतील असं धरलं होतं मी," आक्का म्हणाली. "ताई, आता मला घ्या. सहा होऊ."

"सकाळी सहाच होतो आपण," मंगलताई म्हणाल्या. "बस तिथं."

"ताई—"

"नाव हाय तुझं. पण हजर नव्हतीस. बस."

तबस्सुम मध्ये पडली. "ताई, घ्या तिला. भांडण मग करू. हा सामना जिंकलो तर अजून आशा हाय, न्हायतर हरतोय आपण."

"हरूया," मंगलताई म्हणाल्या.

आक्का बाकावर बसली. रेखा बसायची त्याच जागी, टॉवेलांच्या शेजारी. आम्ही पुन्हा पाच जणी उतरलो. तो सामना मला आजही जसाच्या तसा आठवतो. आम्ही चांगल्या खेळलो. तबस्सुमचा गुडघा सुजून मडक्याएवढा झाला तरी ती चढाया करत राहिली. मी दोन पकडी केल्या. शेवटी शेवटी गुण बरोबरीत आले तेव्हा बाकावरून आक्का ओरडायला लागली, "हर्षे, पाय! पाय बघ!" मंगलताईंनी तिच्याकडं वळून बघितलं तशी तिनं टॉवेल तोंडात धरला. दोन गुणांनी आम्ही हरलो. ती एकदा जरी चढाईला आली असती तर निकाल वेगळा लागला असता, हे मैदानावर प्रत्येकीला कळत होतं.

परतीच्या जीपमध्ये विट्याच्या अलीकडं तबस्सुमनं न बघताच विचारलं, "धावलीस कशी?"

"बरी."

"बरी म्हंजे?"

"माझ्या गटात पयली आले."

तबस्सुमनं मान हलवली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. ती रडत होती. गुडघ्यामुळं, सामन्यामुळं की आणखी कशामुळं, ते मी विचारलं नाही.

घरी अण्णा ओट्यावरच बसले होते. "जिंकलासा?" त्यांनी मला विचारलं. दरवेळी मलाच विचारायचे. त्याच्यासाठीच मला धाडायचे.

मी काही बोलायच्या आधी आक्का म्हणाली, "मी खेळले नाही अण्णा. पोलीस भरतीला गेलते. हिला आणि ताईंना ठाऊक नव्हतं."

अण्णांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही तिघी, आई दारात आणि आम्ही अंगणात, तशाच उभ्या राहिलो. मग त्यांनी मला विचारलं, "ही न्हवती तर हिच्या जागी कोण खेळलं?"

"मी."

त्यांनी माझ्या सोललेल्या कोपरांकडं बघितलं, तोंडावरच्या मातीकडं बघितलं. "जा, हातपाय धुवा जावा," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

पुढं चार महिने ते आक्काशी बोलले नाहीत. साखरपुडा आमच्याकडून मोडला नाही, गुंटूरकरांनीच कळवलं की पोलिसात जाणारी मुलगी आम्हाला नको. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी मंगलताई घरी आल्या. अण्णांच्या समोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी माझ्या नजरेसमोरनं गेली, त्याचं मी तुमचं देणं लागते. पण एक सांगते. पळून जाणारी पोरगी मैदानावर परत येत न्हाय. ही परत आली, आणि शिव्या खायला आली." अण्णांनी त्यांना चहा दिला, होय-नाही काही म्हणाले नाहीत. आक्का प्रशिक्षणाला निघाली तेव्हा मात्र तिची ट्रंक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर स्टँडपर्यंत नेली. मंगलताईंनी आक्काचं नाव पुढच्या वर्षी संघातून काढलं. तिनं ते कधी मागितलंही नाही. तिच्या जागी रेखाला घेतलं, आणि रेखा सातांत खेळली.

मी मात्र खेळत राहिले, हे माझं मलाच नवल. आता मंगलताई थकल्यात आणि घरोघरी मी जाते. बापांना, भावांना शब्द देते. बारांतल्या बाहेर बसणाऱ्या पाच जणींना प्रत्येक स्पर्धेत एकदा तरी मैदानात उतरवते, हरलो तरी.

गेल्या दिवाळीत आक्का माहेरी आली होती. आता ती हवालदार आहे, आवाज जरा भारदस्त झालाय. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं मी विचारून टाकलं.

"आक्के, त्या दिवशी जीपमध्ये पाचच असतो तर? तू गेल्यावर मागं चौघीच राहिल्या असत्या. तरी गेली असतीस?"

तिनं कढईतली करंजी उलटली. तेल निथळू दिलं.

"गेले असते," ती म्हणाली. मग झारा खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "मग मात्र मैदानावर परत आले नसते."